डायलिसिस कोणते, हे ठरवावयाचे कोणी?

मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत, लवकरच डायलिसिस सुरू करावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले म्हणजे घरात पहिला प्रश्न निघतो तो "किती दिवस?" आणि दुसरा निघतो तो "खर्च किती?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु तिसरा एक प्रश्न असतो, तो बहुधा निघतच नाही : "कोणते डायलिसिस?" डायलिसिसचे प्रकार असतात हेच पुष्कळांच्या कानी आलेले नसते. जे यंत्र रुग्णालयात आहे त्याला जोडून घ्यावयाचे, एवढेच त्यांना ठाऊक असते. हा तिसरा प्रश्न आपल्या वाचकांनी विचारावा, आणि तो वेळेवर विचारावा, म्हणून आजचे हे टिपण आम्ही त्यालाच वाहिले आहे.

प्रथम हे कार्य काय ते पाहू. मनुष्याची दोन मूत्रपिंडे रात्रंदिवस रक्त गाळून त्यातील टाकाऊ द्रव्ये, जादा पाणी आणि जादा क्षार बाहेर काढीत असतात. मधुमेह, रक्तदाब किंवा दुसऱ्या एखाद्या व्याधीने ती झिजत गेली की हे काम थकते. अंगावर सूज येते, अन्नावरची वासना उडते, धाप लागते, खाज सुटते. मूत्रपिंडांची शक्ती अगदी थोडी उरली म्हणजे तेच काम बाहेरून करून घ्यावे लागते. त्याचे मार्ग दोन. एकात रक्त शरीराबाहेर काढून यंत्रात धुतात व परत सोडतात. दुसऱ्यात रक्त जागचे हलत नाही. पोटाच्या पोकळीत औषधी पाणी सोडून तेथेच ते शुद्ध करतात. पहिल्यास हिमोडायलिसिस म्हणतात व दुसऱ्यास पेरिटोनियल डायलिसिस. नावे जड आहेत. आम्ही त्यांस यंत्राचे डायलिसिस व पोटाचे डायलिसिस असे म्हणू. योग्य दाता मिळाल्यास मूत्रपिंडाचे रोपण हा या दोहोंहून चांगला उपाय होय, परंतु तो विषय स्वतंत्र आहे.

या यंत्राचा जन्म मोठ्या संकटकाळात झाला. हॉलंड देश जर्मन सैन्याच्या ताब्यात असताना, 1943 साली, कांपेन या लहानशा गावात डॉ. विलेम कोल्फ यांनी पहिले उपयोगी कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. लाकडी पट्ट्यांचे एक मोठे पिंप, त्याभोवती गुंडाळलेली सेलोफेनची नळी, आणि खाली क्षारयुक्त पाण्याची टाकी, असे त्याचे स्वरूप होते. ती नळी सॉसेजवर वेष्टन म्हणून वापरीत असत. (गोव्यातील वाचकांना येथे चोरिसाची आठवण झाल्यास आमची हरकत नाही.) पहिले बहुतेक सर्व रुग्ण दगावले. 1945 साली सदुसष्ट वर्षांची एक बाई मात्र वाचली आणि कल्पना खरी ठरली. तरीही हे यंत्र चार दिवसांच्या आजारापुरतेच कामाचे होते. प्रत्येक वेळी नवी धमनी व नवी शीर उघडावी लागे, आणि त्या जागा लवकरच संपत. 1960 साली अमेरिकेतील सिएटल शहरी डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातावर कायमची बसविता येईल अशी टेफ्लॉनची नळी योजली. तिच्या आधारे क्लाइड शील्ड्स नावाचा कारागीर पुढे अकरा वर्षे जगला.

मग निवडीचा प्रश्न उभा राहिला, तो फार कठोर रूपाने. यंत्रे थोडी आणि रोगी पुष्कळ. कोणी जगावे हे ठरविण्यासाठी सिएटलमध्ये सात जणांची एक समिती बसविण्यात आली. तीत एक वकील, एक धर्मोपदेशक, एक पेढीवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक शल्यविशारद होते. अर्जदाराचे वय, संसार, मिळकत, शिक्षण, इतकेच काय पण त्याचे चर्चला जाणे-येणेही त्यांच्या विचारात येई. 1962 च्या नोव्हेंबरात 'लाइफ' नियतकालिकाने ही हकीकत छापली तेव्हा सारा देश अस्वस्थ झाला. शेवटी 1972 साली अमेरिकेने कायदा करून हा खर्च बहुतांशी सरकारच्या शिरावर घेतला. आम्ही ही जुनी गोष्ट सांगतो ती अशासाठी की, समिती मोडली तरी दुसऱ्याने निवड करण्याची रीत मोडलेली नाही. आपल्याकडे ती समिती दिसत नाही, इतकेच. रुग्णालयात कोणते यंत्र आहे, मुलाला किती रजा मिळते, एस. टी. किती वाजता सुटते, हेच तिचे सभासद असतात.

आता दोन्ही मार्गांचे रोजचे स्वरूप पाहिले पाहिजे, कारण निवड करावयाची ती औषधाची नसून दिनक्रमाची आहे.

यंत्राचे डायलिसिस सामान्यतः आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास चालते. पैशाअभावी दोनच वेळा करून भागविणारे आपल्या देशात पुष्कळ आहेत. त्यापूर्वी हातातील एक धमनी व एक शीर लहानशा शस्त्रक्रियेने जोडून घेतात. ही युक्ती न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी 1966 साली प्रसिद्ध केली आणि आजतागायत तिच्याहून चांगली सापडलेली नाही. तिला फिस्च्युला म्हणतात. तीवर बोट ठेवले असता आत रक्ताची थरथर लागते. ती थरथर आहे तोवर मार्ग चालू आहे असे समजावे. शीर फुगून जाड होण्यास सहा आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत अवधी लागतो. मग दर खेपेस तीत दोन जाड सुया घालतात, एकीतून रक्त बाहेर जाते व दुसरीतून परत येते. एका बैठकीस शंभर लिटरांहून अधिक शुद्ध पाणी लागते. म्हणून यंत्रापेक्षाही त्यामागच्या जलशुद्धीच्या खोलीला महत्त्व आहे. रोग्याला स्वतः काही करावे लागत नाही. परिचारिका असतात, शेजारच्या खाटांवर सोबती असतात, आणि महिनोन्महिने एकत्र बसल्याने तेथे एक प्रकारचे गणगोत जमते. मधले दिवस मोकळे असतात. परंतु दोन दिवसांचे विष व पाणी चार तासांत ओढून काढल्याने रक्तदाब उतरतो, पायात गोळे येतात, आणि घरी आल्यावर दिवस अंथरुणातच जातो असे अनेकांचे होते. खाण्यापिण्याची बंधने कडक. शहाळे, केळी, सुका मेवा जपून. बटाटा व भाज्या चिरून, पाण्यात उकळून, ते पाणी टाकून घ्यावयाच्या. लोणची, पापड, सुके बांगडे जवळजवळ वर्ज्य. पाणी मोजून प्यावयाचे. मे महिन्यात ही तहान काय असते हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

पोटाच्या डायलिसिसची तऱ्हा निराळी. आपल्या आतड्यांभोवती एक पातळ पडदा असतो, त्यात असंख्य सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. नाभीच्या बाजूस एक मऊ नळी कायमची बसवितात. 1968 साली डॉ. हेन्री टेंकहॉफ यांनी काढलेली हीच नळी आजही वापरात आहे. तिच्यातून सुमारे दोन लिटर साखरयुक्त औषधी पाणी पोटात सोडतात. चार-सहा तास ते आत राहते, पडद्यातून झिरपणारी विषद्रव्ये शोषून घेते, मग ते बाहेर काढून ताजे भरावयाचे. असे दिवसातून तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी अर्धा तास. हे पाणी पोटात ठेवून माणूस शाळेत शिकवू शकतो, दुकानावर बसू शकतो. रात्री झोपेतच हे सारे करणारे लहान यंत्रही असते, ते महाग. ही रोजची घरगुती पद्धत डॉ. पोपोविच व डॉ. मॉन्क्रीफ यांनी 1976 साली अमेरिकेत मांडली, आणि पुढे टोरोंटोच्या डॉ. ओरिओपोलस यांनी बाटल्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या आणून ती सोयीची केली.

येथे विष सतत व सावकाश निघत असल्याने शरीराला हिसके बसत नाहीत, खाण्याची बंधने सैल राहतात, उरलीसुरली लघवी अधिक काळ टिकते, आणि सुई टोचावी लागत नाही. बदल्यात सुट्टी नाही. नाताळ असो वा घरातले लग्न, पिशवी बदललीच पाहिजे. मुख्य भय जंतूंचे. हात नीट धुतले नाहीत, पंख्याच्या वाऱ्याखाली टोपण उघडले, तर पोटाच्या पडद्याला दाह होतो. बाहेर आलेले पाणी गढूळ दिसते, पोट दुखते, ताप येतो, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. शिकविणाऱ्या परिचारिका एक सोपी परीक्षा सांगतात : भरलेल्या पिशवीमागे छापील कागद धरावा, अक्षरे वाचता आली तर पाणी स्वच्छ. आपले हे साप्ताहिक त्या कामी अवश्य वापरावे. शिवाय या पाण्याबरोबर अंगातील प्रथिने वाहून जातात, म्हणून अंडी, मासे, डाळ यांची भर घालावी लागते. पाण्यातील साखर अंगात मुरते, म्हणून मधुमेह्यांनी अधिक जपावे लागते. महिन्याच्या पिशव्यांचे वजन दोनशे किलोंच्या घरात जाते. ती खोकी ठेवावयाची कोठे, हा दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात काही किरकोळ प्रश्न नव्हे.

वाचक म्हणतील, हे सारे ठीक. पण अधिक जगतो कोण? एवढे सांगा म्हणजे झाले.

दुर्दैवाने, किंवा सुदैवाने, याचे सरळ उत्तर नाही. निरनिराळ्या देशांच्या नोंदी तपासून पंडितांनी पुष्कळ खल केला आहे. त्यातून निघते ते एवढेच की, दोन्ही पद्धतींचे आयुर्मान एकंदरीत बरोबरीचे असून रोग्याचे वय, मधुमेह, हृदयाची स्थिती यांचाच परिणाम मोठा. खरा निवाडा व्हावयाचा तर रोग्यांची चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागणी केली पाहिजे. हॉलंडमध्ये हे करून पाहण्यात आले. अनेक रुग्णालयांतील शेकडो रोग्यांना दोन्ही पद्धतींची नीट माहिती देऊन विचारण्यात आले, की तुमची पद्धत चिठ्ठी टाकून ठरविली तर चालेल काय? रुकार दिला तो फक्त अडतीस जणांनी! प्रयोग अर्ध्यावर थांबवावा लागला आणि 2003 साली तसा अहवाल प्रसिद्ध झाला. शास्त्राच्या दृष्टीने प्रयोग फसला, पण आम्हांस त्यातून फार मोलाची गोष्ट कळली असे वाटते. ज्यांना सारे समजावून सांगितले गेले, त्यांना दोन्ही मार्ग सारखे वाटेनात. प्रत्येकाला आपल्यापुरते एकच उत्तर दिसत होते. वैद्यकाच्या तराजूत समान असलेल्या दोन गोष्टी माणसाच्या आयुष्यात समान नसतात.

असे समजा, की खानापूर तालुक्यातील आडगावी एक शिक्षक आहेत. बेळगाव गाठावयाचे म्हणजे जाता-येता अर्धा दिवस मोडतो, वर यंत्रावरचे चार तास. आठवड्यातले तीन दिवस गेले तर नोकरी राहते कशी? त्यांची पत्नी नीटनेटकी, घरी एक वेगळी खोली, दारात पिशव्यांची गाडी येऊ शकते. त्यांना पोटाचे डायलिसिस बहुधा सोयीचे. उलट इंदूरमध्ये एकट्या राहणाऱ्या, दृष्टी मंदावलेल्या, हात कापणाऱ्या वृद्ध बाईंना पिशवीचे टोपण निर्जंतुक उघडणे जमेल काय? रुग्णालय रिक्षाने दहा मिनिटांवर आहे, आणि तेथील सोबत हीच कदाचित त्यांची आठवड्यातली एकमेव सोबत असेल. त्यांना यंत्रच बरे. पोटावर पूर्वी मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्यांना पोटाचा मार्ग पुष्कळदा बंद असतो. ज्यांचे हृदय दुबळे त्यांना यंत्राचे हिसके सोसत नाहीत. हे डॉक्टरांनी सांगावे. परंतु सुईचे भय, पोटावर नळी बाळगण्याची लाज, तळ्यात वा नदीत पोहणे सुटण्याचे दुःख, घरात आजाराचे सामान मांडून मुलांच्या डोळ्यांसमोर ठेवण्याची नकोशी भावना, यांचा हिशेब डॉक्टरांच्या कागदावर नसतो. तो रोग्यानेच बोलून दाखवावा लागतो. जुन्या गोव्याच्या फेस्ताला किंवा वेलंकणीच्या यात्रेला जाण्याची ज्याची आस आहे त्याला हेही कळले पाहिजे, की पिशव्या सोबत नेता येतात. यंत्र असेल तर त्या गावी खाट आधी ठरवावी लागते.

आणि एक व्यक्ती आहे, तिला कोणीच विचारीत नाही. पोटाचे डायलिसिस 'घरी होते' असे आपण सहज म्हणतो. घरी म्हणजे कोणाच्या हातांनी? बहुतेक ठिकाणी पत्नीच्या वा सुनेच्या. दिवसातून चार वेळा, वर्षानुवर्षे, ताप असो वा माहेरचे मर्तिक असो. तिला बोलावून, खुर्ची देऊन, "हे तुम्हांला पेलेल काय?" असे विचारल्याशिवाय घेतलेला निर्णय आमच्या मते अर्धाच होय.

निवड कोणाची, यावर राज्यकर्त्यांचाही हात असतो. हाँगकाँगमध्ये 1985 पासून सरकारी रुग्णालयांचे धोरण असे, की प्रकृतीची अडचण नसेल तर सुरुवात पोटाच्या डायलिसिसने करावी. थायलंडने 2008 साली तोच मार्ग धरला, त्यामुळे खेड्यापाड्यांतील हजारो गरिबांना उपचार मिळाले. 2022 मध्ये तेथे निवड रोग्यावर सोपविली, तेव्हा यंत्राकडे असा काही ओघ लागला की खर्च व परिणाम यांविषयी नवा वाद उभा राहिला. आपल्याकडे उलटे चित्र. 2016 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. त्या वेळी सांगण्यात आले, की दर वर्षी सुमारे 2 लाख 20 हजार नवे रोगी या अवस्थेस पोचतात आणि दर खेपेचे दोन हजार रुपये धरले तरी वर्षाचे तीन लाखांहून अधिक होतात. कार्यक्रमाने जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली, दारिद्र्यरेषेखालील रोग्यांची फी सुटली, हे मोठेच काम झाले. पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वे मात्र 2019 साली निघाली. यंत्राला मदत आधी मिळाली, पिशवीला मागाहून. तेव्हा लोक यंत्राकडे गेले यात नवल नाही. गाडीभाडे व बुडालेली मजुरी हा खर्च कोणत्याच फीत दिसत नाही, तो हिशेबात धरून मग दोन्हींची तुलना करावी.

एक तिसरा मार्गही आहे, त्याविषयी घरात दबक्या आवाजात बोलले जाते. अतिशय वृद्ध, अनेक व्याधींनी जर्जर झालेल्या माणसाने डायलिसिस न घेणे. अशा रोग्यांत डायलिसिसने आयुष्य वाढले तरी थोडेच वाढते, आणि वाढलेल्या दिवसांपैकी बरेच रुग्णालयातच जातात. न घेणे म्हणजे उपचार सोडणे नव्हे. धाप, खाज, मळमळ, वेदना यांवर औषधे चालूच राहतात. हे पाप तर नव्हे, अशी शंका श्रद्धावंतांच्या मनात येते. तिचे निरसन फार पूर्वी झाले आहे. पोप पायस बारावे यांनी 24 नोव्हेंबर 1957 रोजी भूलतज्ज्ञ डॉक्टरांपुढे केलेल्या भाषणात सांगितले, की प्राण राखण्यासाठी सामान्य साधने वापरणे हे कर्तव्य होय, असामान्य साधनांची सक्ती नाही. आणि सामान्य कोणते हे व्यक्ती, स्थळ व काळ पाहून ठरते. तीस वर्षांच्या बापाला जे सामान्य, ते नव्वदीच्या आजोबांना असामान्य असू शकते. मात्र आजोबांचा निर्णय आजोबांनीच घ्यावा. मुलांनी खर्चाकडे पाहून घेऊ नये, तसाच लोक काय म्हणतील या भीतीने उलट दिशेनेही लादू नये.

रोग्यापासून रोग लपविण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. "बाबांना सांगू नका, धीर सुटेल," असे म्हणून मुलगा डॉक्टरांना बाजूला घेतो. बाबांना मात्र सारे कळत असते. बोलावयाची मुभा तेवढी नसते. मग एके रात्री धाप लागते, धावाधाव होते, मानेत तातडीची नळी घालून डायलिसिस सुरू होते, आणि त्या नळीबरोबर जंतुदोषाचा धोका येतो. तेव्हा निवड कसली? ज्यांचा आजार वर्षभर आधीच दिसत होता, त्यांचीही ही गत होते, याचे आम्हांस फार वाईट वाटते. वास्तविक घाईचे कारण क्वचितच असते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील 828 रोग्यांवरील एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष 2010 साली आला : नुसत्या तपासणीच्या आकड्यावरून डायलिसिस लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, त्रासाची लक्षणे दिसेपर्यंत नीट देखरेखीखाली थांबले तरी चालते. थांबता येते, पण तयारी थांबवू नये. दोन्ही पद्धती जेथे चालतात असे रुग्णालय गाठून, दोन्ही पद्धतींचे रोगी प्रत्यक्ष पाहून, त्यांच्याशी अर्धा तास बोलावे. घेतलेली निवड काही जन्माची गाठ नाही. जंतुदोष वारंवार झाला किंवा फिस्च्युला बंद पडला तर एका मार्गावरून दुसऱ्यावर जाता येते, आणि पुष्कळ जण जातात.

तोवर एक साधी गोष्ट आजपासूनच पाळता येईल. मूत्रपिंडाचा विकार आहे असे ज्यांना सांगितले गेले आहे त्यांनी आपला कमी वापराचा हात, म्हणजे बहुतेकांचा डावा, राखून ठेवावा. त्या हाताच्या शिरांतून रक्त काढू देऊ नये, सलाईन लावू देऊ नये. दुसऱ्या हाताच्या पंजामागची शीर घ्या असे स्पष्ट सांगावे. कंपाउंडर कुरकुर करील. त्याला करू द्यावी.